खंडेनवमीचा फोटो

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तुमच्या पोटाला कुणीतरी चौकोनी खिडकी पाडली आहे आणि येणारा-जाणारा वाकून आत पाहतो आहे, अशी कल्पना करा. लाज वाटली ना? मलाही पहिल्यांदा वाटली होती. मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेच्या कार्यशाळेत राहतो, आणि माझ्या पोटाला अशी खिडकी आहे.

माझी उमेदीची वर्षं चाळीसगावकडच्या एका विहिरीवर गेली. किती उसाला मी पाणी पाजलं! मग एका उन्हाळ्यात पाण्याची नळी तुंबली, मी नको तितका तापलो आणि तडकलो. भंगारात गेलो. तिथून शाळेने मला आणलं, करवतीने कापलं आणि रंगवलं. डिझेलची वाट पिवळी, पाण्याची निळी, धुराची लाल. आता मी कधीच सुरू होणार नव्हतो. पण हँडल फिरवलं की पिस्टन वर-खाली होई आणि मुलं म्हणत, "आत असं असतं होय!"

कार्यशाळेत रुपचंद सर फळ्यावर शिकवत. अभिमन हा त्यांचा मदतनीस. जो अडेल त्याच्याजवळ जाऊन बसायचं, हे त्याचं काम. मुलं त्याला भाऊ म्हणत.

त्या वर्षी आठवीत भिकू नावाची मुलगी आली. साक्रीकडच्या खेड्यातली, वसतिगृहात राहणारी. घरी अहिराणी बोलणारी. फळ्यावरचं काही तिच्या डोक्यात शिरत नसे आणि विचारलं तर मुलं हसत. म्हणून ती विचारतच नसे. मित्रांनो, तुमच्या वर्गातही असं कुणी गप्प बसत असेल. त्याला समजलंय असं धरून चालू नका.

अभिमनने धरलं नाही. त्याने तिचं बोट माझ्या वालवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, ठेवलं आणि हवा इथून आत येते, हे तिच्याच बोलीत सांगितलं. "हाई दार शे. आठेन हवा मझार येस."

"आनि धूर?" भिकूने विचारलं. वर्गातला तो तिचा पहिला प्रश्न.

अभिमनला हेच काम नीट शिकायचं होतं. इंग्लंडमधल्या एका कॉलेजात, व्यवसाय शिकणाऱ्या मुलांना वर्गात आधार कसा द्यावा, याचा वर्षभराचा अभ्यासक्रम होता. निवड झाली तर खर्च कॉलेज करणार होतं. रुपचंद सरांनी आधी टोमणा मारला, "अरे, पान्हा हातात द्यायला विलायतेत शिकवतात होय?" आणि मग स्वतःच इंग्रजीत अर्ज लिहायला बसले.

कॉलेजने अर्जासोबत अभिमनचा कामावरचा फोटो मागितला होता. सगळ्यांच्या मते त्यासाठी खंडेनवमीसारखा दिवस नाही. कार्यशाळा धुतलेली, पताका लावलेल्या. मला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, समोर नारळ ठेवला. मुलं डोक्याला तेल चोपडून, हात जोडून ओळीने उभी राहिली आणि मधे अभिमन, नवरदेवासारखा ताठ. त्या दिवशी यंत्राला विश्रांती. पूजा करायची, काम नाही. त्यामुळे फोटोत कुणाचाच हात मला लागलेला नव्हता. मला मात्र तो फोटो फार आवडला.

दिवाळीनंतर उत्तर आलं. रुपचंद सरांनी वाचून दाखवलं, "फोटो सुंदर आहे, पण तुम्ही काय काम करता, ते यात दिसत नाही. विद्यार्थ्याला शिकवतानाचा फोटो वर्षअखेरपर्यंत मिळाला नाही, तर अर्ज बाद होईल."

डाक पोचायलाच कितीतरी दिवस लागत. दुसऱ्याच दिवशी अभिमनने फोटोवाल्या हिलालला बोलावलं.

दोन-तीन मुलं धावत पुढे आली. अभिमन म्हणाला, "तुम्हाला सगळं येतं रे. तुम्हाला शिकवायचं मी नुसतं सोंग करणार. भिकू, तू ये."

भिकू आली, पण माझ्यापाशी येऊन तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"काय व्हयनं?" अभिमनने विचारलं.

"मना मामा सुरतले गया. आजून परत उना नही. विलायत ते त्याना पेक्षा दूर शे."

"मी वरीसभरमा परत येसू, माय."

"मामाबी आसंच म्हने."

हिलाल खिडकीकडे पाहत कुरकुरला, "भाऊ, ऊन चाललं. दुसरं पोरगं उभं करा ना. विलायतेतल्या लोकांना काय कळतंय!"

रुपचंद सरांनी भिकूला दरडावायला तोंड उघडलं. अभिमनने त्यांना हाताने थांबवलं. "राहू द्या, सर. तिचं मन नाही, तर नको." आणि तो माझ्यावर ताडपत्री ओढू लागला.

भिकूने ताडपत्रीचं टोक धरलं.

"भाऊ, तुम्ही गयात ते माले कोन सांगी?"

अभिमन तिच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "माले माहीत नही, भिकू."

खोटी समजूत घालणं त्याला सहज जमलं असतं. त्याने ती घातली नाही. भिकूने माझ्या अंगावरची ताडपत्री खाली ओढली, फ्रॉकला हात पुसले आणि माझं हँडल घट्ट धरलं.

"आते सांगा. जावाना पहिले बठ्ठं सांगा." बठ्ठं म्हणजे सगळं.

आणि तिने हँडल फिरवलं. पिस्टन वर आला. "हाई वाल कव्हय उघडस?" वाल नेमका कधी उघडतो, हे तिने विचारलं. अभिमन खिडकीतून माझ्या आत वाकला, बोट दाखवून सांगू लागला. हिलालने फोटो काढून कॅमेरा पिशवीत ठेवला, तरी भिकू पुढचं विचारतच होती.