उताराकडची बाजू

गादीच्या दुकानात पाऊल टाकलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. मुलीचाही आला. बाहेर भर दुपारची वर्दळ होती. आत मात्र पांढऱ्या, फिकट निळ्या, सायीच्या रंगाच्या गाद्या रांगेनं अशा मांडलेल्या, की कुणीतरी ढग उतरवून घ्यावेत, चौकोनी कापावेत आणि पलंगांवर घालून ठेवावेत. पंख्याची झुळूक एका गादीवरून दुसरीवर सावकाश जात होती. आई दारातच थबकली. चपला काढायच्या की नाही, हे तिला कळेना.

"असू देत पायात, काकू," आतून एक गृहस्थ पुढे येत म्हणाले. दुकान त्यांचंच होतं. "झोपताना काढा म्हणजे झालं."

"मी कुठे झोपायला आलेय? हिनं ओढून आणलंय. मी आपली बघून जाणार."

"बघून गादी कळली असती तर मी फोटोच विकले असते."

आई हसली नाही, पण एक पाऊल आत आली. मुलीला तेवढंही पुष्कळ वाटलं.

बाबा गेले, तेव्हापासून आई पलंगावर झोपली नव्हती. बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसून ती रात्र काढी. पायांवर सूज आली, पाठ धरली, मान एका बाजूला झुकली ती झुकलीच. शेजारपाजारच्यांनी सल्ले दिले, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मुलीनं, कुठल्याही संकटात करायची तसं, हाती लागेल ते वाचून काढलं. कशाचाच उपयोग झाला नाही. मग परवा मटार सोलता सोलता आई सहज बोलावं तसं बोलून गेली, "ती गादी ओढते गं मला. आणि ओढून नेते तिथे कुणी नसतं."

ते अक्षरशः खरं होतं. जुनी गादी मऊ होती. बाबा अंगानं चांगलेच भरलेले, आणि रात्रभर एकाच जागी उताणे झोपणारे. वर्षानुवर्षं त्यांच्या बाजूला खड्डा पडत गेला आणि सगळा पलंगच त्या बाजूला कलला. आई काडीसारखी. आपल्या कडेला, कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपायची, आणि पहाटेपर्यंत घरंगळत खड्ड्याच्या तळाशी, बाबांच्या खांद्याशी येऊन ठेपायची.

"आल्या बाईसाहेब," बाबा डोळे न उघडता म्हणायचे. "प्रेमानं आलात की उतारानं?"

"उतारानं. मला काही हौस नाही."

त्या घरात सकाळ अशी व्हायची. पलीकडच्या खोलीत, उशीत तोंड खुपसून पालथी पडलेली मुलगी हे ऐकत लहानाची मोठी झाली. प्रश्न तोच, उत्तर तेच. दोघांना त्याचा कधी कंटाळा आला नाही.

आता उद्या तिची रजा संपत होती. जाण्याआधी तिला फार काही नको होतं. आई एकदा पाय पसरून आडवी झालेली दिसावी, एवढंच. म्हणून उतार पडणार नाही अशी गादी शोधायला ती निघाली होती.

"मग ही बघा," दुकानदार म्हणाले. ते हलक्या आवाजात बोलत, दुकानात कुणीतरी नुकतंच झोपी गेलंय असं. त्यांनी एका रुंद गादीवर मूठ रोवली. मूठ जेमतेम रुतली. "कडक आहे. आत स्प्रिंगा, सगळ्या तारेनं एकमेकींना बांधलेल्या, वर कापसाचा थर. काठसुद्धा खचत नाही. बसून मोजे घाला, काही होत नाही."

बाबा पलंगाच्या काठावर बसून मोजे घालत. प्रत्येक वेळी काठ दबे आणि ते 'अरे अरे' म्हणत. मुलीनं आईकडे बघायचं टाळलं.

"पण कडक आहे म्हणून सगळ्यांना चालते असं नाही. उताणं झोपणाऱ्याला उत्तम, कंबर खाली जात नाही. पालथं झोपणाऱ्यालाही बरी, पोट खचत नाही. कुशीवर झोपणारं माणूस असेल, त्यातून अंगानं हलकं, तर खांद्याला आणि खुब्याला बोचते. तिथे वरून मऊ थर घालावा लागतो. म्हणून मी आधी विचारतो, घरात कोण कसं झोपतं?"

"बाबा उताणे, आई कुशीवर, मी पालथी," मुलगी म्हणाली.

शाळेत घरच्या माणसांची नावं विचारल्यावर जसं एका दमात सांगून टाकावं, तसं तिनं ते सांगितलं. आणि मग जीभ चावली. पण शब्द सुटले होते, आणि दुकानदार खूश झाले होते.

"वा! तिन्ही नमुने एकाच घरात! साहेब नाही आले?"

"नाही," आई म्हणाली.

"नवरे येतच नाहीत हो गाद्या बघायला. त्याची सोय आहे आपल्याकडे." ते मागे गेले आणि खांद्यावर एक लांबोडकी गोणी घेऊन आले. जाड कापडाची, वाळूनं भरलेली, तोंड नीट शिवलेलं. "बायका एकट्या झोपून बघतात, गादी छान वाटते, आणि घरी दोघांचं वजन पडलं की तक्रार. म्हणून दुसऱ्या बाजूला ही ठेवायची. मागे एक बाई म्हणाल्या, गादी राहू दे, हीच द्या. घोरत तरी नाही."

त्यांनी एक गोणी डाव्या बाजूला निजवली. साहेबांची. मग दुसरी आणून तिच्यावर ठेवली.

आई त्या दोन गोण्यांकडे बघत राहिली. तिनं मान किंचित कलती केली, भिंतीवरची तसबीर सरळ आहे का बघताना करतात तशी.

"एक काढा," ती म्हणाली.

"साहेब सडपातळ आहेत का?"

"नव्हते. शेवटी शेवटी झाले."

दुकानदारांचा हात गोणीवरच राहिला. ते माफ करा म्हणाले नाहीत, आणि मुलीला त्याबद्दल त्यांचे फार उपकार वाटले. त्यांनी एक गोणी उचलून खाली ठेवली. मग दुसरी उचलली, ती खांद्यावर न टाकता दोन्ही हातांवर आडवी घेतली, झोपलेलं मूल आत न्यावं तशी, आणि आत गेले.

गोणीखाली गादी जराशी दबली होती. ती उचलताच दबलेला भाग वर आला. चादर ताणली गेली. एक सुरकुती होती, तीही गेली. तिथे कुणी होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

"भरून आला," आई म्हणाली.

"काय?"

"खड्डा. किती लवकर." तिनं पदर सावरला. "चल. मला नको ही. घरी जाऊ."

कडक गादीत खड्डा पडत नाही, हे मुलीनं दहा ठिकाणी वाचलं होतं. तो गुण म्हणूनच सगळीकडे दिलेला होता. आपण आईला काय दाखवायला घेऊन आलो, ते तिला आत्ता कळलं. मग तिनं काय करावं, तर चपला काढल्या, पलीकडून फिरून गेली आणि डाव्या बाजूला, जिथे गोणी होती तिथे, उताणी पडली. हात छातीवर घेतले. छताकडे बघितलं, मग डोळे मिटले.

"मेल्यासारखी झोपू नकोस," आई म्हणाली.

अगदी सहज म्हणून गेली. हे वाक्य आई रोज रात्री दिवा मालवताना बाबांना म्हणत असे. मुलीनं एक डोळा उघडला, बाबा उघडत तसाच, अर्धा.

"जिवंत आहे," ती म्हणाली.

आईच्या ओठांचा कोपरा हलला. हसू होतं की दुसरं काही, ते ठरायच्या आत ती पाठमोरी होऊन काठावर टेकली. काठ खचला नाही. चपला तिनं जोडीनं लावून ठेवल्या आणि उजव्या काठाशी, तोंड पलीकडे करून, कुशीवर आडवी झाली.

"खांद्याला बोचतेय."

"मऊ थर घालतील म्हणाले ना वरून."

"खुब्यालाही."

"तिथेही घालतील. थर काय, सगळीकडे असतो."

"तुझ्या बाबांना आवडली असती. त्यांना फळीवर झोपवलं असतं तरी चाललं असतं." थोडं थांबून ती म्हणाली, "तू हललीस की मला कळतंय."

दुकानदार चहाचे दोन पेले घेऊन आले होते. "तारेनं बांधलेल्या आहेत ना, काकू. एकानं कूस बदलली की दुसऱ्यापर्यंत थोडं पोचतंच. ते नको असेल तर प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी खिशात घातलेलीही गादी आहे. शेजारी हत्ती लोळला तरी पत्ता लागत नाही."

"नको," आई म्हणाली. "कळू दे."

त्यांनी चहा तिपाईवर ठेवला आणि जाता जाता खिडकीचा पडदा ओढला. दुकानात दुधी उजेड पसरला. गाद्यांच्या कडा पुसट झाल्या, आणि सगळ्या मिळून एकच पांढरं पाणी झालं. आपण दोघी त्यावर तरंगतोय, आणि पलीकडे कुठल्याशा गादीवर, तिसऱ्या रांगेत वगैरे, बाबा उताणे पडून सगळं ऐकतायत, असं मुलीला वाटलं. त्यांना हाक मारायची गरज नव्हती. ते तसेही डोळे उघडणार नव्हते, फक्त मिश्किलपणे पडून राहणार होते. पंखा फिरत होता. कुणी गिऱ्हाईक आलं असावं. दुकानदार त्याला लांबच्या कोपऱ्यात कुजबुजत काहीतरी दाखवत होते.

आईचा श्वास लांबला. एकदा अडखळला, पुन्हा लांबला. ती झोपली होती.

मुलगी जागच्या जागी थिजली. तिनं बोटही हलवलं नाही. या तारा चुगलखोर होत्या. आपल्या अंगातली जराशी चुळबुळ त्या तिकडे नेऊन सांगतील, असं तिला भय वाटलं. तिपाईवर चहावर साय धरली. आयुष्यात ती कधी इतका वेळ उताणी पडली नव्हती. बाबांना रात्रभर असं निश्चल पडून राहणं कसं जमायचं, याचा तिला उगाच उलगडा झाल्यासारखा वाटला. कदाचित तेही कुणाची झोप मोडू नये म्हणूनच पडून राहत असतील.

मग गादीतून एक बारीक थरथर आली. दुसरी आली. आई कूस बदलत होती. झोपेतच ती पलीकडून अलीकडे वळली, जराशी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. एवढी रुंद सपाट गादी ओलांडून ती आली. तिचं कपाळ मुलीच्या खांद्याशी टेकलं आणि हात दंडावर येऊन पडला.

मुलीनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून खाली बघितलं. गादी सपाट होती, ताटलीतल्या पाण्यासारखी. तिच्याखाली खड्डा नव्हता, आईखाली उतार नव्हता. काचेची गोटी ठेवली असती तर ती जागची हलली नसती. तिला वाटलं, आत्ता, या क्षणी, कुणीतरी तिसऱ्या रांगेत जाऊन बाबांना उठवायला हवं.

आई जागी झाली ती हळूहळू. आधी तिला मुलीचा दंड दिसला, मग त्यावरचा आपला हात.

"मी इकडे कशी आले?"

"आलीस."

आईनं हात काढून गादीवर ठेवला. इस्त्री केलेल्या कपड्यावरून फिरवावा तसा तळवा फिरवला; आपल्या बाजूपासून इथपर्यंत आणि इथपासून परत. शोधूनही तिला काही सापडलं नाही.

"इथे तर उतार नाही," ती म्हणाली.

"नाही."

मग आईनं छताकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले आणि तोंडावर मात्र लबाडी पकडली गेलेल्या माणसाचं हसू होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ऐकलंत का?"

पुढचं तिनं मनातच सांगितलं असावं.

त्या उठून बसल्या तेव्हा दुकानदार पडदा सारायला आले. त्यांनी दोघींच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि नजर गादीकडे वळवली. "कशी वाटली, काकू?"

"बोचते. तो मऊ थर घाला वरून."

"घालतो." ते जरा घुटमळले. "आणि एकट्याच्या मापाची हवी असेल, तर तीही याच जातीत आहे. अडचण होणार नाही खोलीत."

आईनं काठावर बसून एकेक चप्पल पायात सरकवली. काठ जागचा हलला नाही.

"नको, हीच द्या," ती म्हणाली. "मला झोपेत वळायला जागा लागते."