मास्तरांचा घोटा

मास्तरांचं अख्खं आयुष्य शिवणाच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलाशी उभं राहण्यात गेलं. तरुणपणी मोडलेला घोटा साठीत इतका झिजला, की उंबरा ओलांडतानाही जीव कळवळे. शेवटी सांधा बदलायचं ठरलं. बायकोने साठवलेलं मोडलं, मुलीने कर्ज काढलं. ऑपरेशन छान झालं. घरी आल्यावर मात्र कळलं, की हत्ती गेला तरी शेपूट राहिलंय, आणि तेही चांगलंच जाडजूड. ड्रेसिंग, पायातला खास बूट, व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या बाई, आणि वर दुकानाला कुलूप.

बायको दिवसभर कामावर. म्हणून मास्तरांची मोठी बहीण, अक्का, आपलं घर सुनेवर टाकून आली. तिने पहिल्याच दिवशी व्यायामाच्या बाईंकडून सगळं शिकून घेतलं. मास्तरांचा पाय उशांवर उंच ठेवायचा, जखम रोज बघायची, आणि ते जरा हलले की ओरडायचं.

"पाय खाली सोडलास? डॉक्टर काय म्हणाले? अजून भार द्यायचा नाही!"

"अक्का, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाळ बरं. ते निदान झोपतं तरी."

मग एका हॉटेलकडून गणवेशांची मोठी ऑर्डर आली. दुकानातला कारागीर म्हणाला, मी कापतो. पण दुसऱ्याच्या कात्रीवर मास्तरांचा विश्वास नव्हता. ते वॉकर ओढून निघाले, तशी अक्का दारात आडवी उभी राहिली.

"तुला तुझ्या घरी कोणी विचारत नाही," मास्तर फाडकन बोलले, "म्हणून इथे हुकूम गाजवतेस."

अक्का बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेली. जाण्याआधी भावाच्या पायाखालची उशी तेवढी सारखी केली.

मास्तर टेबलाशी उभे राहू लागले. ऑर्डर वेळेत गेली. पण जखम उसवली होती, मोजा चिकटायला लागला होता. आता पुन्हा दवाखाना म्हणजे पुन्हा खर्च, म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ताप चढला तेव्हा बायकोने मोजा काढला आणि तशीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. पू आत सांध्यापर्यंत गेला होता. नवा सांधा काढून टाकावा लागला. पुढे हाडंच एकमेकांना जोडली. हा खर्च पहिल्यापेक्षा मोठा, आणि घोटा आता कधीच वाकणार नव्हता.

बायकोने बोलावलं तशी अक्का पुन्हा आली. पण ती ओरडेना. "उशी सरकवू का?" "दिवा मालवू का?" परक्या घरात विचारावं तसं विचारायची.

"अक्का, माझं चुकलं. जीभ घसरली."

"असू दे. दुखण्यात माणूस बोलतो."

"मग ओरड ना माझ्यावर!"

ती ओशाळं हसली. "आता नाही रे जमत," म्हणाली.

मास्तर काठीवर चालू लागले, तशी ती परत निघाली. ते तिला स्टँडवर सोडायला गेले. बसची पायरी उंच होती. बॅग वर द्यायला त्यांनी हात पुढे केला, पण ताठ पायाने तोल सावरेना. अक्काने बॅग स्वतःच उचलली, खिडकीशी जाऊन बसली आणि म्हणाली, "उन्हात उभा राहू नकोस."

बस सुटेपर्यंत मास्तर तिथेच उभे होते.