बर्फाची कडी

दोन वर्षं लागोपाठ वादळाने संशोधक तुकुम्मेकचा खांब पाडला होता. गोठलेल्या समुद्रावर उभ्या केलेल्या त्या खांबावर बर्फाची जाडी मोजणारं यंत्र होतं. बाकी वर्षभराच्या नोंदी मिळत. ऐन वादळात बर्फाचं काय होतं, तेवढंच निसटे. हे तिसरं आणि शेवटचं वर्ष होतं. पुढे या कामाला परवानगी नव्हती.

एप्रिलचं ऊन डोळ्यांत खुपत होतं. दक्षिणेला करडे ढग चढले, तशी ती खांबाचे दोर ताणून धरणाऱ्या पोलादी खुंट्या पुन्हा ठोकायला बसली. तिला इथवर आणणारा ओडाकमामा कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजवर बसून वाळका मासा चघळत होता.

"किती ठोकशील? खालचे सील दचकतील."

"मग तूच सांग ना, मामा."

"मी कसला सांगतोय, चौथीत शाळा सोडलेला! माझे अठरा कुत्रे कशाशी बांधलेत, ते बघ फक्त."

तिने बघितलं. पहारीने दोन तिरकी भोकं पाडून तळाशी जोडलेली, मधे बर्फाचीच कडी, तिच्यातून ओवलेला दोर. अशा शेकडो कड्या तिने लहानपणी कोरल्या होत्या. पण खांब शास्त्राचा, म्हणून खुंट्याही शास्त्राच्या!

तिने एक खुंटी ओढली. अलगद हातात आली, ओली. उन्हाने पोलाद तापत होतं आणि भोवतीचा बर्फ वितळत होता. उष्णतेच्या वहनावर प्रबंध लिहिलेली बाई पहार घ्यायला उठली.

दोघांनी चार कड्या कोरल्या. एकीला मामाने लाथ मारली. "ही पिल्लाला पुरेल. जाड कर."

खांबाचे दोर कड्यांत ओवून ते कुत्र्यांसह किनाऱ्यावरच्या खोपटात शिरले. वादळ दोन दिवस घोंघावलं. दुसऱ्या दिवशी खोपटाचं धुराडं उडालं, तेव्हा तुकुम्मेकने चहाचा पेला खाली ठेवला आणि पुन्हा उचललाच नाही.

वारा पडल्यावर ती धावतच निघाली. खुंट्यांचा मागमूस नव्हता. खांब मात्र ताठ होता, चारही दोर ताणलेले. तिने यंत्र उघडलं. नोंदीची रेघ कुठेही तुटलेली नव्हती. धुराडं उडालं त्या तासाचीसुद्धा नोंद होती.

"मामा! सगळं आहे! सगळं!"

तिच्या ओरडण्याने कुत्रे एका सुरात रडू लागले.

"अहवालात यांची नावं घाल," मामा म्हणाला.

"अठराच्या अठरा?"

"हो. लंगड्याचं पहिलं."