डाव्या स्पीकरवरचा आळ

मित्रांनो, मी जोडीतला डावा. अंगावरच्या पॉलिशचे पोपडे निघाले आहेत आणि खालचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. पण आपण कोण हे मला अजून पक्कं ठाऊक आहे. सायगॉनच्या एका अरुंद गल्लीत, खिएमदादांच्या घरात, मी डावीकडचा स्पीकर होतो. उजवा माझा भाऊ.

आम्हा दोघांची खोकी एकाच फणसाच्या झाडाची. आमचा सुतार आयुष्यभर पूर्वजांचे देव्हारेच करत आलेला. आमच्याकडे देव्हाऱ्यालाही फणसाचंच लाकूड लागतं. पुढच्या फळीला मोठं गोल भोक पाडायचं आहे, असं खिएमदादांनी सांगितल्यावर तो म्हणाला, "एवढं भोक कशाला? पूर्वज घसरून बाहेर पडतील ना!"

"पडू देत. त्यांना बाहेर काढण्यासाठीच करतोय," खिएमदादा म्हणाले.

त्या भोकात बसवलेला लोहचुंबक आणि कागदाचा पडदा जुन्या बाजारातून आले. परदेशी लोक देश सोडून गेले, तेव्हा मागे राहिलेल्या सामानात ते होते. माझ्या आत तार आहे, ती थरथरली की कागद थरथरतो आणि मी बोलतो. माझ्या मनचा मात्र एक शब्दही मला बोलता येत नाही. तारेतून येईल तेवढंच माझं. ही अडचण मला पुढे फार महागात पडली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

खिएमदादा छापखान्यात यंत्रावर होते. यंत्र त्यांच्या डाव्या हाताला. दिवसभर ते धडधडत असे आणि संध्याकाळी घरी आल्यावर ते आमच्यासमोर खुर्ची टाकून गाणी ऐकत. त्यांच्या पत्नी लुआवहिनी पहाटे गल्लीच्या तोंडाशी केळीच्या पानात चिकट भात बांधून विकत. हाका मारून मारून त्यांचा गळा घोगरा झालेला. तरी गायच्या. नदीकाठच्या त्यांच्या गावात बाळाला झोपवताना जे गातात, ते त्या भांडी घासतानासुद्धा गायच्या.

एकदा खिएमदादांनी आमच्याच खोलीत दोन माइक लावून वहिनींना मधोमध बसवलं आणि ती अंगाई टेप केली. वहिनी एवढ्या लाजल्या, की गाणं सुरू होण्याआधी खोकल्या आणि म्हणाल्या, "चालू केलंत का? अहो, आधी तो पंखा बंद करा! माझ्यापेक्षा त्याचाच आवाज यायचा." तेही टेप झालं. खिएमदादांनी ते कधी पुसलं नाही.

इथे मला माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी डावीकडे असतो, भाऊ उजवीकडे असतो आणि आमच्या मध्ये नुसती मोकळी जागा असते. पण आम्ही दोघं एका जिवाने बोललो, तर समोर बसलेल्या माणसाला वाटतं की गाणारी बाई त्या मोकळ्या जागेतच उभी आहे. डोळे मिटले तर ती किती उंच आहे तेही कळतं. या छंदातली माणसं त्या जागेसाठी वेडी असतात. भिंतीपासून स्पीकर बोटभर पुढे, बोटभर मागे, असं करत त्यांचे रविवार जातात.

लुआवहिनी गेल्या तेव्हा खिएमदादांनी त्यांचा फोटो देव्हाऱ्यात ठेवला आणि तो देव्हारा आम्हा दोघांच्या मध्ये, भिंतीवर टांगला. मित्रमंडळी कुरकुरली. मधे लाकडाची पेटी आली की आवाज आपटतो म्हणे.

"आपटू दे. तिचा आवाज तिच्या तोंडातून यायला पाहिजे," खिएमदादा म्हणाले.

आणि यायचा, मित्रांनो. वर्षातून एकदा, वहिनींच्या श्राद्धाच्या दिवशी, ती टेप लागायची. वहिनी पंखा बंद करायला सांगायच्या, खिएमदादा निमूटपणे उठून खरंच पंखा बंद करायचे आणि मग फोटोतल्या त्या हसऱ्या चेहऱ्यातून अंगाई यायची. आमच्या खोलीत त्या दिवशी वहिनी येऊन जायच्या. एवढं मोठं काम दुसऱ्या कुठल्या लाकडाच्या खोक्याला मिळालं असेल, असं मला वाटत नाही.

रविवारी सकाळी मंडळी जमायची. प्रत्येकाच्या काखेत एखादी तबकडी आणि हातात बर्फ घातलेली कॉफी. तोआन हा खिएमदादांचा सगळ्यात जुना मित्र. बाकीचे वयाने लहान आणि दादांना गुरू मानणारे. कारण दादांचे कान. अ‍ॅम्प्लिफायरची एखादी काचेची नळी दमली आहे, हे ते दारातून आत येताच सांगत आणि ते बरोबर निघे.

अशाच एका रविवारी गाणं चालू असताना त्यांनी हात वर केला.

"डावीकडून कुणीतरी तोंडावर रुमाल धरून बोलतंय."

"मला तर मधोमधच येतंय, दादा," एक जण म्हणाला.

"तुला येणारच. तुझे कान मोटरसायकलच्या हॉर्नवर पोसलेत."

सगळे हसले. गाणं पुन्हा लावलं. आणि मग एकाने मान हलवली, "हां, आहे खरं थोडंसं." दुसरा म्हणाला, "मला मघापासून वाटत होतं, पण म्हटलं आपण कशाला बोला." तिसऱ्याला तर माझ्या आवाजात धूर दिसायला लागला. मी नेहमीसारखाच बोलत होतो. माझ्यात काडीचाही बिघाड नव्हता. पण दादांचे कान खोटं सांगतील, हे त्या खोलीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तोआन तेवढा कॉफी ढवळत राहिला. त्या दिवसापासून तो आपली खुर्ची दादांच्या डाव्या हाताची उचलून उजव्या हाताला टाकू लागला. का, ते तो बोलला नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मग माझे हाल सुरू झाले. माझी वायर बदलली. माझ्याखाली दगडाच्या लाद्या आल्या, त्या जाऊन लाकडाचे ठोकळे आले. मला भिंतीकडून ओढून पार दादांच्या गुडघ्यापाशी आणलं. मला होईल तेवढ्या जोरात बोलायला लावलं. मुलगी दिएप स्वयंपाकघरातून ओरडायची, "बाबा, किती मोठा! शेजारी पोलीस बोलावतील!"

श्राद्ध जवळ आलं तसे दादा टेप लावून बघू लागले. मी त्यांचा चेहरा समोरून पाहत असे. ते फोटोकडे बघत, आणि हळूहळू त्यांची नजर फोटोवरून उजवीकडे सरकत जाई. त्यांच्या लेखी आवाज तिकडून येत होता.

"लुआ," एका दुपारी ते म्हणाले, "तिकडे कुठे निघालीस? स्वयंपाकघरात? आता दिएप करते ना सगळं. थांब की जरा."

मला फक्त तारेतलंच बोलता येतं, हे मी मघाशी सांगितलं. नाहीतर मी ओरडून म्हणालो असतो की दादा, त्या कुठेही गेलेल्या नाहीत.

शेवटी त्यांनी मला मोटरसायकलला बांधून दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने माझा पडदा बोटांनी चाचपला, उजेडात धरला. "कागद जुना आहे, पण ठीक आहे, दादा," तो म्हणाला.

"ठीक असता तर उन्हातान्हात घेऊन आलो असतो का? बदल."

गिऱ्हाईकाने सांगितलं, त्याने बदलला. पात्याने कडेकडेने कापून माझा कागद काढला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला. मित्रांनो, वहिनी वारल्यापासून दरवर्षी त्याच कागदाने त्यांची अंगाई म्हटली होती. वर्षानुवर्षं थरथरून तो मऊ झाला होता आणि भावाचा कागदही तसाच मऊ होता, म्हणून आम्ही एका जिवाने बोलत होतो. नवा कागद कडक, परका. खोटा आळ खरा व्हायला एक दुपार पुरली. आता मी खरोखरच भावापेक्षा वेगळा बोलू लागलो.

श्राद्धाचा दिवस आला. दिएपने मडक्यातला मासा आणि भरल्या कारल्याचा रस्सा करून आईपुढे ठेवला. उदबत्त्या लागल्या. नातलग आणि रविवारची मंडळी दाटीवाटीने बसली. टेप सुरू झाली. वहिनी खोकल्या. "चालू केलंत का? अहो, आधी तो पंखा बंद करा!" सगळे दरवर्षीसारखे हसले. दादांनी उठून पंखा बंद केला, खुर्चीत येऊन बसले आणि डोळे मिटले.

अंगाईची पहिली ओळ संपायच्या आत त्यांनी डोळे उघडले. ते उठून माझ्यापाशी आले आणि त्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या डोक्यावर थाड्कन चापट मारली.

"आज तरी नीट बोल, मेल्या! आज तरी!"

"बाबा, मारू नका त्याला," दिएप म्हणाली. ती त्यांच्या डाव्या खांद्यापाशीच उभी होती. दादांनी पुन्हा मारलं. "बाबा! ऐका ना माझं. बाबा!" ते वळलेसुद्धा नाहीत. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा हाक मारली. ते माझ्याकडेच बघत राहिले.

टेपवर वहिनी गात होत्या. दिएप तोंडावर हात ठेवून मागे सरली.

तोआन उठला. त्याने दादांची खुर्ची उचलली आणि उलटी फिरवून ठेवली. पाठ देव्हाऱ्याकडे, तोंड रस्त्याकडे.

"बस, खिएम."

"वेड लागलं का तुला? आजच्या दिवशी? लुआकडे पाठ करून बसू?"

"मी माफी मागतो तिची. तू बस."

"देव्हाऱ्याकडे पाठ करत नाहीत!"

"मला माहीत आहे करत नाहीत. म्हणून तर इतके महिने तू हे करून बघितलं नाहीस."

दादा त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं. या छंदातल्या पोरासोरालाही ही युक्ती ठाऊक असते. उलटं बसलं की डावा स्पीकर उजव्या कानाकडे येतो. बिघाड स्पीकरमध्ये असेल तर तो उजव्या कानालाही जाणवायलाच हवा.

ते बसले. मी आता त्यांच्या उजव्या कानामागे होतो. वहिनी दुसरं कडवं म्हणत होत्या आणि मी ते माझ्या नव्या, परक्या कागदावर जमेल तेवढ्या मायेने म्हणत होतो. दादांनी मान किंचित उजवीकडे वळवली. कित्येक महिन्यांनी त्यांनी मला ऐकलं. आणि इतके महिने ज्याचाच आवाज त्यांना ऐकू येत होता, तो माझा भाऊ आता डाव्या बाजूला गेला होता. तो गात असूनही त्यांच्या लेखी मुका झाला होता.

"म्हणजे हा बोलतोय," ते हळूच म्हणाले. "हा पहिल्यापासून बोलतोय."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस, हरामखोरा?"

"बोललो असतो तर रविवारी मला दारात उभं केलं असतंस का?" तोआन म्हणाला. "आणि तुझा डावा कान गेला हे मी सांगू, खिएम? मी?"

टेप संपेपर्यंत दादा तसेच बसून राहिले, बायकोकडे पाठ करून, ओल्या चेहऱ्याने. रविवारची ती सगळी पोरं खाली बघत होती. माझ्या आवाजात धूर पाहणारा तर उठून बाहेर निघून गेला.

डॉक्टर झाले, कानात घालायचं यंत्र झालं. यंत्राने बोलणं थोडंफार समजायचं, पण गाणं पत्र्यावरून खडे ओढल्यासारखं लागायचं. यंत्र खणात गेलं. एका कानाला मधली जागा सापडत नाही, मित्रांनो. त्याला दोन स्पीकरचा उपयोग नसतो.

मग एके दिवशी दादांनी भावाला ओढत नेऊन देव्हाऱ्याच्या बरोबर खाली ठेवलं. जुना कागद त्याचाच होता, म्हणून तो राहिला. यात काही चुकीचं झालं असं मी म्हणणार नाही. माझी वायर काढताना त्यांनी मला आधी फडक्याने पुसलं. जिथे चापट मारली होती, तिथे त्यांचा हात बराच वेळ राहिला. "तुझं काही चुकलं नव्हतं रे," ते म्हणाले. एवढं ऐकायला मिळालं. पुष्कळ वस्तूंना तेही मिळत नाही.

आता मी जिन्याखाली आहे. माझ्यावर दिएपची पोरं दप्तरं टाकतात. पुढच्या श्राद्धाला मी तिथूनच ऐकलं. भाऊ एकटा गायला. मोकळ्या जागेत गाणारी बाई उभी करणं एकट्याला जमत नाही. खोक्यातून आवाज येतो तसा तो आला. पण फोटोच्या खालून आला.

"बाबा, मधूनच येतोय ना?" दिएपने त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून विचारलं.

दादांनी बराच वेळ फोटोकडे बघितलं. "हो," ते म्हणाले. "तिथूनच येतोय." आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ते खरं बोलले की लेकीसाठी बोलले, हे मला जिन्याखालून दिसलं नाही.

मित्रांनो, कागद फाटला तर दुसरा मिळतो. कानाचं दुकान कुठेही नाही. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस रेडिओला, टीव्हीला, फोनला नावं ठेवू लागलं, तर लगेच पेचकस शोधू नका आणि त्याची थट्टाही करू नका. त्याचं काय हरवत चाललं आहे, हे कदाचित त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं आणि ते कुणाला सांगावं, हेच त्याला सुचत नसतं. मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. पण त्याच्याशी पाठीमागून बोलू नका. समोर जा, खाली बसा, त्याला तुमचं तोंड दिसू द्या आणि मग बोला.