मधली वीत

जहाजाच्या तळात, सगळे जिला मोजपट्टी म्हणत त्या मुलीने खडूची पूड फळीवर भुरभुरवली, विजेरी आडवी धरली आणि मनातल्या मनात साठपर्यंत मोजलं. पूड कोरडीच राहिली. घोट्याएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे सरकून तिने पुढच्या फळीवर दुसरी मूठ मारली.

वरच्या झडपेतून मामाने डोकं घातलं.

"सापडलं का काही?"

"शोधतेय."

"पुढच्या भागात वेळ घालवू नकोस. तो मी भरलाय. मधल्यात बघ."

"मामा, कुठला भाग कुणाचा ते पाण्याला माहीत नाही."

मामा गोदीतला जुना मिस्त्री. फळ्यांमधल्या फटींत काथ्याचा पीळ मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, ठोकायचा, वरून राळ ओतायची, यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. मोजपट्टी हे नावही त्यानेच ठेवलेलं. विज्ञानाची पदवी घेतलेली भाची कामावर आली त्या दिवशी चहाच्या कपाची उंचीसुद्धा मोजेल की काय, असं त्याला वाटलं होतं.

जहाज दीडशे वर्षांचं, शिडाचं, माल वाहणारं. एका देशात बांधलं गेलं, शेजारच्या देशात त्याच्या डोलकाठ्या दोनदा बदलल्या, तिसऱ्याच्या खडकावर ते आपटलं आणि तिथल्याच लोकांनी ते पुन्हा उभं केलं. तिन्ही देश त्याला आपलं म्हणायचे आणि तिघांचंही खरं होतं. म्हणून तीन वर्षं तिन्हीकडची माणसं सुक्या गोदीत एकत्र खपली. पुढचा भाग मामाने भरला, मधला पलीकडच्या देशातल्या, सगळे मावशी म्हणायचे त्या कारागीर बाईंनी, मागचा तिसऱ्या देशातल्या दोघा भावांनी. करार मात्र सरळ होता. आज चार वाजता जहाजातलं पाणी उपसणारा पंप बंद करायचा. सूर्य मावळेपर्यंत तळातलं पाणी चार बोटांहून जास्त चढलं नाही, तर जहाज अखंड राहील आणि आळीपाळीने तिन्ही देशांत वर्ष वर्ष काढील. चढलं, तर उद्यापासून करवती लागतील. तीन तुकडे, तीन संग्रहालयं.

सकाळी गोदीत पाणी सोडलं तेव्हा जहाज चाळणीसारखं गळलं. त्याची चिंता कुणालाच नव्हती. सुकलेलं लाकूड आधी पाणी पितं, मग फुगतं, मग फटी आपोआप आवळतात. मोजपट्टी दर पंधरा मिनिटांनी क्षणभर पंप थांबवून पाणी किती वेगाने चढतं त्याची नोंद करत होती. तासाला साठ सेंटीमीटर, मग पस्तीस, मग वीस. अकरावर येऊन आकडा बसला तो बसलाच. सलग पाच नोंदी अकरा. फुगणारं लाकूड असं एका आकड्याला चिकटून राहत नाही, म्हणजे कुठेतरी सरळसरळ वाट होती.

अडीच वाजता तिला ती सापडली. डाव्या बाजूला, तिच्या खांद्याच्या उंचीवर, दोन फळ्यांच्या मधली पूड बघता बघता काळी पडली आणि ओघळली. तिने ओली रेघ मोजली. बरोब्बर एक वीत. आणि त्या वितीच्या ऐन मध्यावर पुढच्या आणि मधल्या भागाची हद्द दाखवणारी लाल खूण होती.

ती वर आली तेव्हा मामा आणि मावशी डेकवर एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

"मधल्यात ना?" मामाने विचारलं.

"पुढच्यात असणार," मावशी म्हणाल्या. "मिस्त्री पीळ जरा सैल ठेवतात."

"मामा, त्या फटीत तुझा पीळ कुठे संपवलास?"

"खुणेच्या अर्धी वीत अलीकडे. पुढे शेपूट मोकळं सोडलं. बाईंनी त्यावर आपलं टोक चढवून ठोकावं म्हणून."

मावशी वळल्या. "मीही अर्धी वीत मोकळी सोडली. मिस्त्रींनी ठोकावं म्हणून. दुसऱ्याच्या कामावर मोगरी कोण मारेल?"



"बाकीच्या फटींना असं झालं नाही," मोजपट्टी म्हणाली. "त्या तुम्ही शेजारी शेजारी बसून भरल्या होत्या."

"ही शेवटची," मामा पुटपुटला.

शेवटची फट भरली त्या आठवड्यात दोघं बोलत नव्हते. कुणाची राळ चांगली, यावरून सुरू झालेलं भांडण एकमेकांच्या गुरूंपर्यंत गेलं होतं. दोन्ही टोकं आत लोंबत राहिली, रंगाऱ्याने वरून लांबीचा लगदा भरला, रंग फासला आणि फट दिसायला झकास झाली.

"गोदी परत उपसा," मामा म्हणाला.

"सहा तास लागतील," करारावर देखरेख करणाऱ्या समितीचे अध्यक्ष मागून बोलले. ते तिसऱ्या देशाचे, चांगले दणकट गृहस्थ. दुपारपासून ते घड्याळाकडे बघत नव्हते, इतरांनाच वेळ विचारत होते. "मुदत माझ्या हातात नाही. असती तर वाढवली असती."

मोजपट्टीने वही उघडली. बाहेरून फट पाण्याच्या रेषेखाली वीस सेंटीमीटर होती. जहाजाची रुंदी, वजन, तोल, सगळे आकडे तिच्याकडे होते. दोनदा गणित करून तिने पेन्सिल कानावर खोचली.

"गोदी उपसायची गरज नाही. जहाज उजवीकडे कलवू. डावी बाजू उचलली की फट बाहेर येईल. उजव्या कठड्याला तीन टन वजन पाहिजे."

"दगडाची पोती हलवायची?"

"तेवढा वेळ नाही. माणसं उभी करू. पन्नास लागतील."

गोदीत तिन्ही देशांचे मिळून सत्तेचाळीस निघाले. सुतार, शिडं शिवणाऱ्या बायका, रंगारी, समितीचे सात जण, पहारेकरी. सगळे शिडीवरून चढले आणि कठड्याला दाटीवाटीने चिकटले. जहाज कलू लागलं, पण फट अजून दोन बोटं पाण्यात होती.

"साहेब, तुम्ही अगदी कडेला या," मामाने खालून हाक दिली. "तुम्ही तिघांचं काम कराल."

कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षांनी कोटाची बटणं लावली, कठड्यावरून धड बाहेर काढलं आणि शेजारच्या दोघांना म्हणाले, "धरून ठेवा मला."

फट वर आली.

डाव्या बाजूला दोरांवर एक फळी सोडली होती. मामा आणि मावशी तिच्यावर बसले, पाय पाण्यात. मामाने लांबी खरवडून दोन्ही टोकं बाहेर ओढली. मावशींनी ती उलगडून एकमेकांत वळली. त्यांचा पीळ डावीकडे वळलेला, मामाचा उजवीकडे. तीनदा सुटला, चौथ्यांदा बसला. मग छिन्नी मावशींनी धरली आणि मोगरी मामाने मारली. अर्ध्यावर मामाचा खांदा भरून आला, तेव्हा छिन्नी त्याच्याकडे आली आणि मोगरी तिकडे गेली. वर उजव्या बाजूला कुणी शिंकलं तरी फळी हलायची.

"हलू नका रे तिकडे," मोजपट्टी ओरडली. सत्तेचाळीस माणसांनी श्वास धरला.

राळेचं भांडं खाली सोडायची वेळ आली. मामा क्षणभर थांबला.

"तुमची राळ सोडायला सांगा, बाई. ओल्या लाकडाला तीच धरते."

 भांडं आलं तेव्हा मावशींनी पळी त्याच्या हातात दिली.

चारला दहा कमी असताना माणसं डेकच्या मध्यावर आली आणि जहाज सावकाश सरळ झालं. चार वाजता पंप बंद केला. इतक्या शांततेची कुणालाच सवय नव्हती. मोजपट्टी एकटी खाली उतरली आणि पट्टीसमोर उकिडवी बसली.

सव्वाचारला अर्धं बोट. पाचला तेवढंच. साडेपाचला तेवढंच. तिला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटेना, म्हणून तिने पट्टी पुसून पुन्हा बुडवली. झडपेभोवतीच्या चपला आणि बूट तिला दिसत होते. सूर्य गेला तसा त्या चौकोनातला उजेड तांबूस झाला.

"किती?" अध्यक्षांचा आवाज.

"अर्धं बोट."

"चढलं किती म्हणतोय मी."

"तेच सांगतेय. अर्धंच. सव्वाचारपासून थेंब नाही."

वर एकदम पायांचा गडगडाट झाला. गोदीतल्या सगळ्या बोटींनी भोंगे दिले, बाहेर नांगरलेल्यांनी त्यांना उत्तर दिलं आणि बराच वेळ ते थांबेनात. ती वर आली तेव्हा तिसऱ्या देशातले दोघे भाऊ रंगाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचत होते आणि अध्यक्षांच्या कोटाला बटण उरलं नव्हतं.

"पहिलं वर्ष कुणाकडे, ते आता ठरवायला हवं," श्वास लागलेले अध्यक्ष म्हणाले. "चिठ्ठ्या टाकू या का?"

"बाईंकडे जाऊ दे आधी," मामा म्हणाला.

मोजपट्टीने त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षं तो पहिल्या वर्षाचीच गोष्ट करत आला होता. घरच्या धक्क्यावर जहाज कुठे बांधायचं, ती जागासुद्धा त्याने हेरून ठेवली होती.

"नक्की, मिस्त्री?" अध्यक्षांनी विचारलं.

"नवा सांधा आहे. वर्षभर रोज बघावा लागेल."

"मावशी आहेत की तिथे," मोजपट्टी म्हणाली.

"अर्धाच सांधा त्यांचा आहे. बाकीचा अर्धा माझा," मामा म्हणाला.

तो आपली हत्यारं फडक्याने पुसत होता. मावशींची लाकडी पेटी शेजारी उघडी होती. त्याने आपली मोगरी तिच्यात आडवी ठेवली. झाकण लागेना. मावशींनी दोन छिन्न्या बाजूला सरकवल्या, मोगरी उभी केली आणि झाकण दाबून कडी लावली.