गादीतला वरंबा

तीन आठवडे त्या गादीने सफिनाझला नुसतं भंडावून सोडलं होतं. आधी ती भिंतीला टेकवून पाहिली, मग जमिनीवर पसरली, मग छताला उभी टांगली. छे! गुरुवारी तिचं कलाप्रदर्शन उघडणार, आज सोमवार, आणि बाईसाहेब घरात येरझाऱ्या घालतायत, चहा करतायत आणि गार झाला की ओतून देतायत.

बाकीच्या वस्तू कशा झटक्यात मांडून झाल्या होत्या. ओठांचे डाग राहिलेले चहाचे पेले, अंग घासून घासून झिजलेला लूफा, नवऱ्याच्या टाचांनी दबलेल्या सपाता. अलेक्झांड्रियातले जाणकार नाकं मुरडायचे, म्हणायचे, ‘बाईचं अंग रंगव म्हटलं तर ही भांडीकुंडी मांडून बसते.’ म्हणोत बापडे! माणसाची वासना अंगात असते तेवढीच रोजच्या वापरातल्या वस्तूंत मुरते, असं सफिनाझचं ठाम मत होतं.

पण प्रदर्शनाचा खरा जीव त्या गादीत होता. तिच्या लग्नातली गादी. तिच्यावर ती आणि रिफअत बारा वर्षं झोपले. तीन वर्षांपूर्वी तलाक झाला, तो दमनहूरला निघून गेला, आणि सफिनाझ सोफ्यावर झोपू लागली. गादीत दोन खळगे तसेच राहिले होते, एक तिचा, एक त्याचा, आणि मधोमध कापसाचा वरंबा. खाली लावायची पाटीसुद्धा तिने लिहून ठेवली होती: ‘दगडासोबत बारा वर्षं.’ रिफअत दगड होता, हे तिने आईला सांगून झालं होतं, वकिलाला सांगून झालं होतं. आता अख्ख्या गावाला सांगायचं होतं.

दुपारी ती खिळे आणायला म्हणून बाहेर पडली. परत येऊन पाहते तर गादी गायब! आणि वर गच्चीवरून आवाज, टण्ण, टण्ण. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा. दोन दोन पायऱ्या ओलांडत सफिनाझ वर धावली.

गच्चीत थोरली बहीण इल्हाम कमरेवर हात ठेवून उभी होती. शेजारी म्हातारा पिंजारी उस्ता मगावरी धनुकलीची तात ताणून बघत होता. गादीची एक बाजू उसवलेली होती.

“आलीस? गप्प बस जरा,” इल्हाम म्हणाली. “चार मोठी माणसं येणार, आणि तू ही दबलेली, कळकट गादी दाखवणार? लोक काय म्हणतील, या घरातल्या बायका कापूससुद्धा पिंजून घेत नाहीत? म्हणून उस्तांना बोलावलं. नव्या नवरीची होईल बघ!”

“अगं बये, ते खळगेच तर दाखवायचेत मला!” सफिनाझ किंचाळली आणि धपकन गादीवरच बसली. “उस्ता, एक बोंडभर कापूस हलवलात तर याद राखा!”

“ओरडू नकोस पोरी. अजून पिंजलेला नाही,” उस्ता म्हणाला. ही गादी त्यानेच भरली होती, लग्नाच्या वेळी, तिच्या बापाच्या दारात, बायका आनंदाने आरोळ्या देत असताना. “पण काय गं, नवऱ्याशी भांडण होतं का तुझं?”

“भांडायला माणूस लागतो. तो दगड होता.”

“हं.” उस्ताने उसवलेल्या बाजूने कोपरापर्यंत हात आत घातला, डोळे मिटले, चाचपू लागला. “हा तुझा खळगा. हलक्या अंगाचा. आणि इथे, वरंब्याला लागून, एक गाठ आहे. कापसाची अशी गाठ कुठे बसते ठाऊक आहे? माणूस रोज मूठ आवळतो, तळव्याला घाम सुटतो, तिथे. कळा सोसताना बाई कडा आवळते, म्हणून बाळंतिणीच्या गादीला अशा गाठी कडेला असतात. तुझी मधोमध आहे.”

सफिनाझ कानापर्यंत लाल झाली. खरंच होतं ते. रोज रात्री तिचा हात त्याच्याकडे निघायचा आणि वरंब्यापाशी थांबायचा. मीच का म्हणून पुढे व्हायचं? या एका रागापायी थांबायचा. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती.

“बरं, माझी आहे ती गाठ,” ती तडकून म्हणाली. “माणूस आहे मी. मला हवासा वाटायचा तो. झालं समाधान?”

“माझं झालं. पण मग ही कुणाची?”

उस्ताने तिचं मनगट धरून हात आत ओढला, वरंब्याच्या पलीकडे, रिफअतच्या बाजूला. तिथेही गाठ होती. चांगली मोठी, घट्ट, मुठीएवढी. तिच्या गाठीपासून जेमतेम चार बोटांवर.

सफिनाझने हात बाहेर काढलाच नाही. इल्हाम जवळ आली, पाठीवरून हात फिरवू लागली, तर सफिनाझने तो झटकून टाकला. खाली लिहून ठेवलेली ती पाटी आठवून तिला शिसारी आली, स्वतःचीच. तिने दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला आणि तीन वर्षांत न लावलेला नंबर लावला.

“सफिनाझ?” रिफअत घाबरून म्हणाला. “काय झालं? तुझी आई बरी आहे ना?”

“सगळे बरे आहेत. एक खरं सांग. रात्री तू मूठ आवळून जागा असायचास?”

“हे आता विचारतेस होय?”

“सांग ना रे!”

“असायचो.”

“मग मेल्या, मला उठवलं का नाहीस?”

“कसा उठवणार?” तो म्हणाला. “तू इतकी गाढ झोपलेली असायचीस.”

बारा वर्षांत सफिनाझ एकदाही त्याच्याआधी झोपली नव्हती. डोळे मिटून पडून राहायची, तो उठवेल म्हणून.