पिशवीतला हात

मांजरपाटाची नाडीची पिशवी, आणि तिच्यात मनगटापर्यंत गेलेला तुळशीरामचा हात... एक ठोकळा उचलायला असा कितीसा वेळ लागतो? शमीमने मनातल्या मनात मोजायला घेतलं. एक, दोन, तीन... चारला हात बाहेर आला. पिशवी नियमाप्रमाणे खांद्याच्या वर धरलेली, नजर पंख्याकडे, चेहरा असा साळसूद की कोणीही फसावं. आणि पुढच्याच खेपेला पटावर आला तो कोरा ठोकळा — ज्यावर अक्षर नाही, जो हव्या त्या अक्षराच्या जागी चालतो. सबंध खेळात असे तीन. त्यातले दोन यालाच मिळाले होते.

निजामपुऱ्यातल्या वाचनालयाची शब्दपटाची स्पर्धा, शेवटचा सामना, आणि तिच्यासमोर हा... नशीब असेल, असतं एखाद्याचं. पण हा माणूस बावीस वर्षं एजाजच्या कारखान्यात कापड तपासायला होता. लूमवरून उतरलेला ताका हाताखालून सरकवायचा आणि डोळे मिटून सांगायचा, इथं तार तुटलीय. एजाज, तिचा नवरा, पाहुण्यांना मुद्दाम बोलावून ते दाखवायचा. अशा बोटांना लाकडात खोदलेलं अक्षर आणि गुळगुळीत लाकूड यातला फरक कळणार नाही होय? कोणाला येड्यात काढतोस, तुळशीराम.

एजाज गेला, लूम भंगारात गेले, तुळशीराम दापोड्याच्या गोदामात वॉचमन झाला; पण दर रविवारी दुपारी चारला तिची बेल वाजायची, शब्दपटाचा डाव मांडायला. चार वर्षं झाली. मुलं फोनवर विचारतात, जेवलीस का. तिच्याशी भांडणारा मात्र हा एकटाच उरला होता, भले एखाद्या शब्दावरून का होईना. आणि भांडून हरायचा. दहातले आठ डाव ती जिंकायची आणि त्यावर आठवडा ढकलायची — हे कोणाला सांगण्यासारखं नाही, पण होतं असं. त्या रविवारांच्या डावांत त्याला कोरे ठोकळे कधी आले होते? आठव जरा, शमीम. मला यायचे. मलाच यायचे.

मग तेव्हा ही बोटं काय करत होती? मालकीणबाईंना हरवायचं कसं, म्हणून कोरे बाजूला सारून, चहा पिऊन, हरून घरी जात होता की काय... चार वर्षं? दया म्हणून? आज चोरी केली असेल तर बरं, असं तिला वाटून गेलं, चोर परवडला. आणि असं वाटल्याचा तिला भयंकर राग आला.

"सर, माझी तक्रार आहे."

पंच फखरुद्दीन सर उठले. इथल्या तक्रारी म्हणजे दरवर्षीची करमणूक. गेल्या वर्षी 'बॉबिन' शब्द चालतो की नाही यावर पाऊण तास गेला, शेवटी एकजण शेजारच्या कारखान्यातून खरीखुरी बॉबिन घेऊन आला आणि पटावर आपटून म्हणाला, "घ्या, आता म्हणा नाही." तेव्हा सगळ्यांत मोठ्याने शमीमच हसली होती. आजही लोक हसायच्या तयारीने खुर्च्या ओढून जवळ आले.

"बोला, शमीमबी."

"हे चाचपून ठोकळे काढतात."

कोणी हसलं नाही. तुळशीरामने पिशवी खाली ठेवली.

"भाभी..." तो म्हणाला.

सरांनी वही उघडली, गरज नसताना. नियम सगळ्यांना पाठ होता. चाचपल्याची तक्रार आली, की तक्रार करणाऱ्यानेच उरलेला डाव समोरच्याचेही ठोकळे काढून द्यायचे. चौकशी नाही, शिक्षा नाही. "सिद्ध कोण करत बसणार? ज्याला संशय, त्यालाच काम," सर म्हणाले. "तुळशीराम, मंजूर?"

"चालल की. भाभींचा हात चांगला हाय."

टोमणा होता का? त्याच्या आवाजात तिने टोमणा शोधला, दोनदा शोधला, आणि सापडला नाही म्हणून संशय आणखीच वाढला. तिने पिशवी खांद्याच्या वर उचलली, त्याचा ठोकळा काढायला हात आत घातला. आठ-दहाच ठोकळे उरले होते. खाच, रेघ, पुन्हा खाच... आणि मग तर्जनीखाली गुळगुळीत लाकूड. अल्लाशपथ, शोधलं नव्हतं. बोट टेकलं आणि कळलं. बावीस वर्षांचा अनुभव वगैरे काही लागत नाही त्याला, कोणालाही कळेल.

कोणालाही... मग दर रविवारी माझी बोटं काय झोपलेली असायची? तिने आठवायचा प्रयत्न केला, आपला हात पिशवीत किती वेळ असायचा; ते आठवेना. आठवलं ते भलतंच. ती ठोकळा काढायला लागली, की तुळशीराम चहा बशीत ओतायचा, मान खाली घालून, सावकाश फुंकत बसायचा — तिचा हात बाहेर येईपर्यंत. गरम चहा कपातून पिणारा माणूस तो. एजाजच्या कारखान्यात बशी कधी मागितली नव्हती त्याने.

"काढा की भाभी. घाई न्हाय," तुळशीराम म्हणाला, आणि मान खाली घालून आपल्या पट्टीवरचे ठोकळे सारखे करू लागला.

बोट त्या गुळगुळीत लाकडावरून हलेना. तक्रार करताना तिला धास्ती होती, की आता हा रविवारी यायचा बंद होईल. आता वाटत होतं, येईल. चारला बेल वाजेल, हा समोर बसेल, आणि पिशवी माझ्या हातात देऊन, मान खाली घालून चहा बशीत ओतेल...